मागच्या दाराचा नाला

खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायचं काम नावाडी सत्तावीस वर्षं करत होता. नावेला ठरलेली वेळ नव्हती. पाच-सहा माणसं जमली की तो इंजिनाची दोरी ओढायचा, आणि सातवा माणूस लांबून धावत येताना दिसला तर थांबायचाही. लोक थट्टेने म्हणायचे, याची नाव सुटण्याआधी पूल बांधून होईल. तोही हसायचा.

गेल्या चार-पाच वर्षांत मात्र ते हसू आटत चाललं होतं. इंजिनाच्या पंख्यात सारखं प्लास्टिक अडकायचं. मग इंजिन बंद करायचं, मागे पालथं पडून पाण्यात हात घालायचा आणि सुरीने गुंता कापायचा. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता दिवसातून दोनदा व्हायला लागलं होतं.

एका मंगळवारी ओहोटी जोरात होती. नाव मधोमध आली आणि इंजिन घरघर करून गप्प झालं. नावेत सहा माणसं होती. पाणी नावेला समुद्राकडे ओढत होतं आणि वाटेत जुन्या धक्क्याचे दगडी खांब उभे होते. नावाडी पालथा पडून पंखा मोकळा करू लागला. पलीकडच्या दवाखान्यात कामावर निघालेल्या नर्सने न सांगता वल्हं उचललं, खांबाला टेकवलं आणि सगळा जोर लावून नाव लोटली. खांब हातभर अंतरावरून मागे गेला. कोणी ओरडलं नाही. ओरडायला कुणाला सुचलंच नाही.

उतरताना नर्स म्हणाली, "काका, रोज नशीब साथ देत नाही हं."

सगळे गेल्यावर त्याने कापून काढलेला गोळा उलगडून पाहिला. दुधाच्या पिशव्या, पावाच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं. आणि डोळ्यांच्या दवाखान्याचं एक जाड प्लास्टिकचं पाकीट. त्यावरचं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं. ते त्याच्या दाजींचं होतं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ती दोघं वरच्या अंगाला, नाल्याकाठच्या एका अरुंद गल्लीत राहायची. ताई घरी शिवणकाम करायची, त्यामुळे सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणायची. तो नाला गल्लीच्या मागून वाहत यायचा आणि नावेच्या धक्क्याजवळच खाडीला मिळायचा.

नावाड्याचं डोकं सहसा तापत नसे. त्या दिवशी तापलं. त्याने तो सगळा चिखलाळ गोळा एका बादलीत भरला, वीस मिनिटं चालत गेला आणि ताईच्या उंबऱ्यासमोर बादली आदळली.

ताई मशीनवर होती. तिने मान वर केली. आजूबाजूच्या दोन-तीन दारांतूनही माना बाहेर आल्या.

"ताई, तुमचं सामान वाहत आलं होतं माझ्याकडे. म्हटलं, नेऊन द्यावं," तो मोठ्याने म्हणाला. "आज सहा जीव बुडाले असते, दाजींच्या पाकिटापायी."

ताईने बादलीकडे पाहिलं, मग शेजाऱ्यांकडे पाहिलं. ती उठली आणि तिने दार लावून घेतलं.

आतल्या खोलीतून दाजींनी विचारलं, "कोण आलं होतं गं?" त्यांना ऐकू कमी यायचं.

"कोणी नाही," ताई म्हणाली.

मग वीस-बावीस दिवस ती भावाशी बोलली नाही. त्याने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा दाजींनी उचलला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. नावाड्याला घरात बायकोनेही सुनावलं, "खरं बोललात, पण चारचौघांत बोललात. आता बसा."

एका दुपारी ताई धक्क्यावर आली. इतर माणसांबरोबर नावेत चढली आणि टोकाला जाऊन बसली. पलीकडे सगळे उतरले, ती उतरली नाही. परत या काठाला आले, तरी उतरली नाही. तिसऱ्या फेरीला नावेत दोघंच राहिले.

"ताई, माझं चुकलं," तो म्हणाला. "गल्लीसमोर तसं करायला नको होतं."

"नकोच होतं." ती पाण्याकडे बघत होती. "पण पाकीट आमचं होतं, हे खोटं नाही. मीच टाकलं होतं, मागच्या खिडकीतून. आता तू मला एक सांग. आमच्या गल्लीत तू शेवटचा कधी आलास? बादलीची खेप सोडून."

त्याला आठवेना.

"मग चल. नुसतं बघ, काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. गल्ली इतकी चिंचोळी, की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. पालिकेची कचऱ्याची गाडी आत शिरणं शक्यच नव्हतं. ती मोठ्या रस्त्यावर थांबायची, पावणेसातला. ताईच्या दारापासून तिथवर चारशे पावलं. भोंगा वाजला तशी ताई दोन पिशव्या घेऊन निघाली. गुडघे धरत, थांबत, पुन्हा निघत ती रस्त्याला पोचली, तोवर गाडी पुढच्या चौकात वळत होती.

"चार मिनिटं थांबते," ताई धापा टाकत म्हणाली. "तरणीताठी माणसं पोचतात. पण त्या वेळी तरणी माणसं कामावर निघालेली असतात. राहिलो आम्ही म्हातारे. आमच्याकडे पुढचं दार पाहुण्यांसाठी आणि मागची खिडकी कचऱ्यासाठी. त्रेचाळीस घरं आहेत, भावा. सगळ्यांचं असंच."

नावाड्याने तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. त्याला वाटत होतं, ही माणसं आळशी आहेत, बेफिकीर आहेत. इतकी साधी अडचण असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

घरी आल्यावर ताईने कपाटातून एक गठ्ठा काढला. मोडलेल्या छत्र्यांचं कापड आणि जाहिरातींचे जुने फलक जोडून तिने दोन-दोन थैल्या शिवल्या होत्या. काळी ओल्या कचऱ्याची आणि रंगीत कोरड्याची. न बोलण्याच्या त्या बावीस दिवसांत तिने अठरा जोड्या तयार केल्या होत्या.

"रागाने माणूस भांडी आपटतो," ती म्हणाली. "मी मशीन चालवली."

ठरलं ते असं. दर सकाळी ताई आणि शेजारच्या दोघी घरोघर जाऊन थैल्या गोळा करणार, पावणेसातच्या आत रस्त्यावर नेणार, रिकाम्या करून परत दारात अडकवणार. आणि तरीही नाल्यात जे पडेल ते खाडीत जायच्या आत नावाडी जाळं लावून अडवणार.

पहिल्या आठवड्यात अठरा घरांनी थैल्या घेतल्या. काहींनी "बघू" म्हटलं. गल्लीच्या टोकाला बेकरी होती. तिचा मालक पाव ज्या पातळ पिशव्यांत घालून द्यायचा, त्या नाल्यात सगळ्यांत जास्त सापडायच्या. ताई त्याच्याकडे गेली तेव्हा तो भट्टीत फळी सरकवत होता.

"ताई, कचरा माझा एकट्याचा असेल, पण नाला सगळ्यांचा आहे," तो म्हणाला. "मी एकट्यानेच का शहाणं व्हायचं?"

"एकट्याने नका होऊ. एकोणिसावे व्हा."

तो हसला, पण थैली घेतली नाही.

थैल्या वाहणं सोपं नव्हतं. अठरा घरांचा कचरा तिघींच्या हातांना जड व्हायचा. हातगाडी आणून पाहिली तर ती दुसऱ्याच वळणावर भिंतींमध्ये अशी रुतली, की बाहेर काढायला चौघं लागले. ताईचे गुडघे सुजले. दाजी म्हणाले, "हे तुझ्याच्याने व्हायचं नाही." ताई म्हणाली, "ऐकू आलं नाही." ते दाजींचंच नेहमीचं उत्तर होतं. दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला.

इकडे नावाड्याने नाल्याच्या मुखाशी जाळं बांधलं. आयुष्य पाण्यावर गेलं होतं, जाळ्याचं काय शिकायचं, असं त्याला वाटत होतं. जुनं बारीक विणीचं जाळं त्याने या काठापासून त्या काठापर्यंत ताणलं आणि खालून दगड बांधून तळाला टेकवलं. चार दिवसांत जाळ्यापाठी प्लास्टिकचा ढीग साचला. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवायचा.

पाचव्या दिवशी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. सकाळी उजाडताना ताईचा फोन आला. "आधी तुझं जाळं सोड. पाणी चढतंय."

तो धावत सुटला. जाळं कचऱ्याने गच्च भरून भिंतीसारखं झालं होतं. मागे तुंबलेलं पाणी गल्लीत शिरलं होतं, आणि सगळ्यांत सखल जागा होती बेकरीची. नावाड्याने छातीभर पाण्यात उतरून दोर कापले. जाळं फुगलं आणि सुटलं. चार दिवसांत अडवलेलं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत खाडीत वाहून गेलं. पाणी तासाभरात उतरलं.

बेकरीत घोटाभर चिखल झाला होता. पिठाची पोती खालून भिजली होती, भट्टी विझली होती. मालक दारातल्या स्टुलावर बसून होता. त्याच्याभोवती जमलेली माणसं एकेक बोलत होती. चांगलं करायला गेले आणि घर बुडवलं. कुणी सांगितले होते नसते उद्योग? ज्यांनी थैल्या घेतल्या होत्या त्यांतलेही दोघं-तिघं त्यांत होते.

नावाडी गर्दीतून पुढे आला. "जाळं मी बांधलं होतं," तो म्हणाला. "पाण्याला वाट ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही. चूक माझी आहे. ताईचा यात काही संबंध नाही."

नावाड्याने कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि चिखल काढायला लागला.

तो दोन दिवस तेच करत होता. नाव त्याने एका ओळखीच्याला चालवायला दिली. फरशी धुतली, फळ्या घासल्या, भिजलेली पोती उन्हात पसरली. पहिल्या दिवशी मालक त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चहाचे दोन कप आणले आणि एक नावाड्यासमोर ठेवला.

"माझ्या दुकानात तीन वेळा पाणी शिरलंय," तो म्हणाला. "एकदा वर कुणी भिंत बांधली म्हणून, एकदा पाइप फुटला म्हणून. आजवर कोणी 'माझं चुकलं' म्हणत आलं नाही. फावडं घेऊन तर नाहीच."

"काय बोलावं कळत नव्हतं. म्हणून फावडं."

मालकाने चहा संपवला. मग तो मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला, बराच वेळ खुडबुड करत राहिला आणि काहीतरी ढकलत बाहेर आला. उंच, निमुळती, चार रबरी चाकांची लोखंडी गाडी. त्याचे वडील तिच्यावर पावाचे ट्रे रचून घरोघर फिरायचे.

"ही बापाने याच गल्लीच्या मापाने करून घेतली होती," तो म्हणाला. "वीस वर्षं पडून आहे. तुझ्या बहिणीचे पाय बघवत नाहीत रोज. घेऊन जा. आणि हो, ती एकोणिसावी थैली कुठेय?"

चाकांना तेल घातलं, ट्रेच्या जागी ताईने दोन्ही बाजूंना मोठे कापडी झोळे लटकवले, आणि गाडी दोन भिंतींमधून अशी सरळ निघाली की वळणावर उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

जाळ्याचा प्रश्न राहिलाच होता. नावाडी आता पुन्हा नाल्याला हात लावायला धजत नव्हता. एका संध्याकाळी तो ताईकडे बसला होता आणि कागदावर रेघोट्या मारत होता. दाजी शेजारी बसून बघत होते.

"तिरकं लाव," दाजी एकदम म्हणाले.

"काय, दाजी?"

"तिरकं. आडवं नाही." त्यांनी पेन्सिल घेतली. "आणि तळापर्यंत कशाला? कचरा तरंगतो. वीतभर खाली सोड, बास. वर रिकामे डबे बांध, म्हणजे पाणी चढेल तसं तेही चढेल. तिरकं असलं की घाण घसरत एका कोपऱ्याला येते. तिथून काढायची. पाण्याला अडवू नये रे, वळवावं."

नावाडी बघतच राहिला. दाजींनी तीस वर्षं कालव्याच्या फाटकांवर नोकरी केली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच लक्षात नव्हतं.

"आधी का नाही बोललात?"

"विचारलंत का कोणी? मला ऐकू येत नाही. बोलता येतं."

झाकण घट्ट लावलेले तेलाचे रिकामे डबे एका दोरात ओवून आणि त्यांना वीतभर रुंदीचं जाळं शिवून नवा अडसर तयार झाला. दाजी काठावर खुर्ची टाकून बसले आणि कोन बरोबर होईपर्यंत त्यांनी नावाड्याला पाण्यात उभं ठेवलं. "अजून वर. अजून. आता जास्त झालं." तासाभराने नावाडी कुडकुडत म्हणाला, "दाजी, झालं ना?" दाजींना ते ऐकू आलं नाही.

पुढच्या मोठ्या भरतीला नावाडी पहाटेपासून काठावर होता. बेकरीवालाही आला. दोघं बघत राहिले. पाणी चढलं, डबे त्याच्याबरोबर चढले, पाणी उतरलं, डबे उतरले. बेकरीची पायरी कोरडी राहिली.

पहिल्या आठवड्यात कोपऱ्यातून अकरा पोती प्लास्टिक निघालं. त्यातलं बरंच गल्लीच्याही वरून, दुसऱ्या वस्त्यांतून आलेलं होतं. बाटल्या आणि डबे भंगारवाला घेऊन जायचा. पातळ पिशव्यांना मात्र तो हात लावेना. म्हणायचा, "ताई, हिला कोणी वाली नाही." त्या पोत्यात दाबून पालिकेच्या गाडीत जायच्या. पुढे त्यांचं काय होतं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि ताईला ते खुपायचं. बेकरीवाल्याने दारावर पाटी लावली, 'थैली आणा, ताजा पाव आधी मिळेल'. ताज्या पावासाठी लोक काहीही करतात. दोन महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं ताईच्या हातच्या कापडी पिशव्या घेऊन यायला लागली. उरलेल्यांना शिळा पाव चालायचा.

कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर भला माणूस होता. ताई पालिकेच्या कचेरीत तीनदा जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि बघतो म्हणाले. ड्रायव्हरने मात्र कुणाला न विचारता चार मिनिटांची बारा केली. गाडी ढकलत येणारी ताई दिसली की तो भोंगा एकदा आखूड वाजवायचा, 'आहे मी' अशा अर्थाचा. वर्ष संपता संपता त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस दारांत थैल्या लटकत होत्या, आणि कोपऱ्यातून आठवड्याला तीन-चार पोती निघायची. खाडी स्वच्छ झाली असं कोणी म्हटलं नसतं. पण ओहोटीला नाल्याचा तळ दिसायला लागला होता, आणि बोटभर लांबीचे मासे त्यात तुरुतुरु फिरताना दिसायचे.

मग त्या ड्रायव्हरची बदली झाली. नवा आला तो घाईचा माणूस. पहिल्याच दिवशी ताई शेवटच्या वळणावर असताना त्याने गाडी सुरू केली. ताईने हाक मारली, हात केला. तो गेला. ती भरलेली गाडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागच्या शेजारणीने हळूच म्हटलं, "आता?"

"आता परत न्यायची. मागच्या खिडकीतून नाही टाकायची," ताई म्हणाली. "उद्या बघू."

त्या दिवशी एकोणचाळीस घरांनी थैल्या घरातच ठेवल्या. उकाडा होता. ओल्या कचऱ्याला वास सुटला. दिवसभरात ताई दोन वेळा नाल्याकाठी जाऊन बघून आली. कुणी काही टाकलं नव्हतं. संध्याकाळी ती मशीनवर बसली, पण चार टाके घालून उठली. दाजींनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. लोक बरे आहेत."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती गाडी घेऊन निघाली तेव्हा गल्ली रिकामी होती. एकाही दारात थैली नव्हती. तिला वाटलं, संपलं. एका दिवसाच्या वासाने सगळे कंटाळले.

ती रिकामी गाडी ढकलत मोठ्या रस्त्यावर आली आणि थबकली.

सगळी गल्ली तिथे उभी होती. हातात आपापल्या थैल्या, दोन दिवसांच्या. कामावर निघालेली माणसं डबे खांद्याला लावून, गणवेशातल्या मुली, काठी टेकत आलेल्या आजीबाई. बेकरीवाला पिठाच्या हातांनी. दाजी घरच्या चपलांत. नाव सोडून आलेला भाऊ सगळ्यांत पुढे.

गाडी आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला आणि तसाच हात भोंग्यावर ठेवून बसला. पन्नास-साठ माणसं रांगेने आली. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. एकेकाने थैली रिकामी केली, झटकली, घडी घातली आणि बाजूला झाला. आजीबाईंची थैली वरपर्यंत पोचेना, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने ती घेतली. मग पुढच्याचीही घेतली. सगळं उरकायला अर्धा तास लागला.

शेवटी ताई राहिली. त्याने तिच्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं.

"बाई, इथे रोज एवढी माणसं येतात?"

"छे," ताई म्हणाली. "तुम्ही बारा मिनिटं थांबणार असाल, तर उद्यापासून मी एकटीच येईन."

ड्रायव्हरने मागे उभ्या असलेल्या गल्लीवरून एकदा नजर फिरवली आणि घड्याळात पाहिलं.

"पंधरा थांबतो," तो म्हणाला.